घोडीचा साज आणि ग्रिडलीचे मैदान

सुट्टीत सोलापूरला आले आणि गड्ड्याची यात्रा चालू असली, तर होम मैदानावर माझी एक तरी फेरी होतेच. यंदा पाळण्यांच्या गर्दीतून बाहेर पडून मैदानाच्या कडेला उभी राहिले, तेव्हा मला दुसऱ्या एका जत्रेच्या मैदानाची आठवण झाली. ते मैदान उत्तर कॅलिफोर्नियात, ब्यूट परगण्यातील ग्रिडली या लहान गावात आहे. जत्रेतील जनावरांसाठी तिथे शेड, कठडे आणि पाण्याची सोय कायमची केलेली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच शेडमध्ये मी काही दिवस घोड्यांना पाणी पाजण्याचे काम केले.

८ नोव्हेंबरच्या सकाळी पॅराडाईज या गावावर वणवा आला. मी तेव्हा शेजारच्या चिको शहरात राहत होते आणि आमच्याकडे दुपारीच दिवे लावावे लागले होते. त्या आगीत ८५ माणसे गेली आणि अठरा हजारांहून अधिक घरे व इमारती जळाल्या. डोंगरातून खाली येणारे रस्ते गाड्यांनी भरून गेले होते. त्या भागात अनेकांच्या दारात एखाददुसरा घोडा असतो. घोडा मोटारीच्या मागच्या सीटवर बसत नाही; त्याला ट्रेलर लागतो, आणि ज्याच्याकडे तीन घोडे व दोघांपुरताच ट्रेलर असेल त्याने काय करावे, या प्रश्नाला घरच्या घरी उत्तर नसते. घोड्याला सोडून निघायला मालकाचे मन तयार होत नाही, तो थांबतो, आणि त्याच्यामागे त्याचे कुटुंबही थांबते. म्हणून घोड्याला बाहेर काढणे हे माणसाला बाहेर काढण्याच्याच कामाचा भाग आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे काम तिथे नॉर्थ व्हॅली अ‍ॅनिमल डिझास्टर ग्रुप ही स्वयंसेवकांची संस्था करते. त्यांचे लोक आधी प्रशिक्षण घेतलेले असतात आणि प्रशासनाच्या परवानगीने बंद केलेल्या भागातही जातात. कायद्याचा आधार इथे अपुरा पडतो. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत २००६ साली जो कायदा झाला, त्यानुसार आपत्तीच्या नियोजनात घरातील पाळीव प्राण्यांचा विचार करणे राज्यांना भाग पडले. पण त्या पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत घोडा येत नाही. त्यामुळे घोड्याचा भार बराचसा लोकांच्या देणगीवर आणि कष्टावर पडतो.

बाहेर काढलेले घोडे ग्रिडलीच्या त्या शेडमध्ये आणले जात. पहिल्या रात्री तिथे माझ्याकडे नोंदीचा कागद होता. मालकाचे नाव, फोन, घोड्याचा रंग, कपाळावरचा ठिपका, पायावरचे पांढरे, आणि त्यापुढे एक प्रश्न: हा रोज काय खातो? हा प्रश्न मला आधी किरकोळ वाटला होता. घोड्याला उलटी करता येत नाही आणि खाणे अचानक बदलले की त्याला पोटशूळ उठतो, जो जीवावरही बेततो. म्हणून देणगीत आलेल्या लसूणघासाच्या गाठी सरसकट सगळ्यांपुढे टाकायच्या नसत. ज्याला साध्या वाळल्या गवताची सवय, त्याला तेच द्यायचे. एका वयस्कर गृहस्थांनी त्यांच्या तांबड्या घोडीच्या खुरावर मार्करने स्वतःचा फोन नंबर लिहिला होता. घर जळाल्याचे त्यांना शेडमध्येच कळले. ते काही बोलले नाहीत. बादली उचलून नळावर गेले, भरून आणली आणि घोडी पिईपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. पैसे देऊ शकाल का, विमा आहे का, असले काहीही त्या कागदावर नव्हते.

आग विझल्यावर मदत संपत नाही, किंबहुना तिचा अवघड भाग तेव्हाच सुरू होतो. दाट धुरात राहिलेल्या घोड्याची श्वासनलिका भरून यायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर त्याला कामाला लावू नये, असे पशुवैद्य सांगतात. मालक भाड्याच्या खोलीत, कुंपण जळालेले, आणि घोडा रोज आठ-दहा किलो चारा खाणारच. अशा वेळी कोणी चाऱ्याची पावती भरते, कोणी आपल्या पागेत काही महिने जागा देते, कोणी नालबंदाची मजुरी देते. मालकाला घोडा कायमचा द्यावा लागू नये, हा त्यामागचा हेतू असतो.

हे सगळे मी आमच्या गल्लीतल्या टांगेवाल्या चाचांच्या मुलाला सांगितले. चाचा स्टेशनवर टांगा चालवीत; मी लहान असताना तोबऱ्यात, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत, हरभऱ्याची चंदी भरायला ते मला बोलावीत. टांगा गेला, आता मुलगा वरातीची घोडी ठेवतो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "ताई, २०२० ला लॉकडाऊन लागलं, सगळी लग्नं बंद. आम्हाला रेशन मिळालं, शेजाऱ्यांनीही दिलं. घोडीचं कुणी विचारलं नाही. घोडी विकली नाही मी, साज विकला. मग लग्नं सुरू झाली, पण साजाशिवाय घोडी कोण बोलावणार?"

त्या एका वाक्यात मला या मदतीचे सगळे मर्म सापडले. दोन महिन्यांचा कडबा आणि हरभरा वेळेवर मिळाला असता, तर पुढच्या वर्षभराचा धंदा वाचला असता. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला, तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यांतून आपल्याकडे चाऱ्याच्या गाड्या आल्या. दुष्काळातील छावण्याही आपण पाहिल्या आहेत. देण्याची वृत्ती आपल्याकडे भरपूर आहे. मात्र तो चारा गाई-म्हशींचा हिशेब धरून येतो. घोडा रवंथ करणारा नाही. बुरशी लागलेला कडबा त्याला चालत नाही, आणि काही पशुखाद्यांत मिसळले जाणारे मोनेन्सिन हे औषध गाईला मानवते, पण घोड्याला थोड्या मात्रेतही मारते. देणाऱ्याला हे माहीत हवे.

जाण्याआधी आम्ही दोघांनी एक वही केली. शहरातील त्याच्या ओळखीच्या घोडेवाल्यांची नावे, प्रत्येक घोड्याचा रंग आणि खुणा, रोजचे खाणे, कोणाचा टेम्पो मिळेल, पाणी चढले तर कोणाच्या उंचावरच्या शेतात बांधता येईल. बैल, घोडे, गाढवे यांच्यासाठी सोलापुरात काम करणाऱ्या अ‍ॅनिमल राहत या संस्थेचा नंबर पहिल्या पानावर लिहिला. नायलॉनची म्होरकी आगीत वितळून कातडीला चिकटते, म्हणून सुती दोराची एक वेगळी करून खुंटीला अडकवली.

राहिले टेम्पोत चढणे. ऐन संकटात न चढणारा घोडा मागे राहतो, हे मी ग्रिडलीत अनेकांच्या तोंडून ऐकले होते. पहिल्या दिवशी घोडी फळीपाशी येऊन कान मागे टाकून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने टेम्पोत कडबा पसरला, तरी ती आली नाही. माझ्या विमानाच्या आदल्या संध्याकाळी त्याने आधी तिला नीट खरारा केला, मग चाचांचा जुना तोबरा आत ठेवला, आणि दोर सैल सोडून गप्प उभा राहिला. घोडीने फळी हुंगली, एक पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग दुसरा ठेवला. "आज एवढंच," तो म्हणाला, आणि तिला हळूच मागे घेतली.