पाळणाघरातली कावीळ

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका पाळणाघरातून फोन आला, तो पाण्याच्या तक्रारीचा. मुलं सांभाळणाऱ्या दोन ताई आणि एका मुलाचे वडील, अशा तिघांना दहा दिवसांच्या आत कावीळ झाली होती. तिघंही तिशीच्या आसपासचे. मुलं मात्र सगळी ठणठणीत. दोष पाण्याचा नाहीतर बाहेरच्या पाणीपुरीचा, हे मी पोहोचायच्या आधीच ठरून गेलं होतं.

म्हणून सुरुवात पाण्यापासूनच केली. पाण्यात क्लोरीन उरलाय का हे रंगावरून दाखवणारी ओटी टेस्ट नळावर आणि गच्चीवरच्या टाकीत करायची, फिल्टरच्या पाण्यावर नाही. फिल्टरमधला कार्बन क्लोरीन शोषून घेतो, मग चांगलं पाणीही नापास दिसतं. दोन्ही ठिकाणी नमुना पिवळा झाला, लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोरीन होतं. शिवाय त्याच टाकीचं पाणी पिणाऱ्या वरच्या मजल्यांवर एकही रुग्ण नव्हता.

मोठ्या माणसांत कावीळीची साथ दिसली की आपल्याकडे पहिला संशय दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई चा. इथे तिघांचेही ई चे आयजीएम (ताज्या लागणीच्या अँटिबॉडी) निगेटिव्ह आणि ए चे पॉझिटिव्ह. मग कॅलेंडर काढलं. हिपॅटायटिस ए मध्ये लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी २८. चार आठवडे मागे गेल्यावर हजेरीपटात दोन वर्षांचा एक मुलगा तीन दिवस गैरहजर सापडला. ताप, उलटी, पोट बिघडलेलं, नंतर पूर्ण बरा. आजारी पडलेले वडील त्याचेच आणि दोन्ही ताई त्याच्याच गटावर. पालकांच्या संमतीने त्याचं रक्त तपासलं. बिलिरुबिन (कावीळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) नॉर्मल, आयजीएम पॉझिटिव्ह.

सहा वर्षांखालच्या साधारण ७० टक्के मुलांना या विषाणूची लागण होऊनही काहीच जाणवत नाही. डोळे पिवळे होणं तर फारच कमी. विष्ठेतून विषाणू मात्र भरपूर जातो आणि सर्वांत जास्त जातो तो लक्षणं दिसण्याआधीच्या दोन आठवड्यांत. त्यामुळे ‘आजारी मूल घरी ठेवा’ हा नियम इथे उशिराच लागू होतो.

मला थांबून विचार करायला लावलं ते मावशींच्या रिपोर्टने. त्या पन्नाशीच्या, पेठ तालुक्याकडच्या गावात वाढलेल्या. सगळ्यात जास्त डायपर त्याच बदलतात आणि त्यांना काहीच झालं नव्हतं. आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी (जुन्या लागणीनंतर टिकून राहणाऱ्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. म्हणजे लहानपणीच, नकळत लागण होऊन त्या कायमच्या सुरक्षित झालेल्या. ताई मात्र फ्लॅटमध्ये, शुद्ध पाण्यावर वाढलेल्या, त्यामुळे विषाणू त्यांना पहिल्यांदा भेटला तो थेट तिशीत. या वयात त्याचा तडाखा मोठा असतो, आणि क्वचित यकृत पूर्ण निकामी होण्यापर्यंत मजल जाते. नाशिकमध्ये अशी घरं वाढताहेत. चांगल्या पाण्याचा हा दोष नाही, पण लहानपणी जे संरक्षण आपोआप मिळायचं ते आता लसीनेच द्यावं लागेल.

संसर्गाची जागा पाच मिनिटांत सापडली. डायपर बदलायचं टेबल आणि डबे विसळायचं बेसिन यांत हातभराचं अंतर. हात धुण्याऐवजी सॅनिटायझर. या विषाणूला स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही. हातांना साबण आणि वाहतं पाणीच हवं. टेबल आधी साबणाने धुवायचं, मग ५ टक्के हायपोक्लोराइट (ब्लीच) एक भाग आणि पाणी नऊ भाग असं द्रावण लावून काही मिनिटं ओलं ठेवायचं. द्रावण रोज ताजं करायचं, कारण शिळ्या द्रावणातला क्लोरीन उडून जातो.

संपर्कातल्यांना लस द्यायची तर शेवटच्या संपर्कापासून १४ दिवसांच्या आत. यातला एक आठवडा आधीच वाया गेला होता. एका ताईंनी कावीळ ‘उतरवून’ घेतली आणि त्या दिवसांत कामावरही येत राहिल्या. याची हळहळ अजून वाटते.

पाळणाघरात प्रवेश घेणाऱ्या सगळ्या मुलांना ही लस हवी, असं मी सुचवलं, तेव्हा संचालिका मॅडमनी रास्त प्रश्न विचारला. “डॉक्टर, आजारी मोठे पडले, मग लस लहानांना कशाला?” उत्तर इस्रायलच्या अनुभवात आहे. तिथे १९९९ पासून १८ आणि २४ महिन्यांच्या सगळ्या बाळांना ही लस सुरू झाली. दर लाखामागे सुमारे ५० असलेलं रुग्णांचं प्रमाण काही वर्षांतच तीनच्या खाली आलं आणि लस न घेतलेल्या मोठ्यांमध्येही ते घसरलं, कारण विषाणू पसरवणाऱ्या वयोगटाची कडीच तुटली. अमेरिकेत १९९९ मध्ये जास्त रुग्णांच्या राज्यांतल्या मुलांसाठी आणि २००६ पासून सर्वत्र एक वर्षाच्या मुलांसाठी लसीची शिफारस झाली. अनेक राज्यांनी पाळणाघर किंवा शाळाप्रवेशाला ती सक्तीची केली. १९९५ मध्ये ३१ हजारांवर नोंदलेले रुग्ण २०११ मध्ये चौदाशेच्या आत आले. २०१६ नंतर तिथे पुन्हा साथी आल्या, त्या मुख्यतः लस न मिळालेल्या प्रौढांत.

आपल्या सरकारी वेळापत्रकात ही लस नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती सुचवते. निष्क्रिय (मारलेल्या विषाणूची) लस बाराव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सहा महिन्यांनी. जिवंत (दुबळ्या केलेल्या विषाणूच्या) लसीचा एकच डोस. ज्यांना परवडते तेवढीच मुलं घेतात. अशा अर्धवट लसीकरणाने विषाणू फिरत राहतो आणि न घेतलेल्यांना तो उशिरा, जास्त जोरात गाठतो. म्हणून पाळणाघराच्या प्रवेशाला या लसीची अट सगळ्यांना सारखी असावी, असं माझं ठाम मत आहे.

प्रवेशाच्या फॉर्मवर ‘कावीळची लस: हो/नाही’ असा रकाना आधीपासून होता आणि जवळजवळ सगळीकडे ‘हो’ होतं. कार्डं मागवली, तर बहुतेकांवर फक्त जन्माच्या वेळची आणि ६, १०, १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीमधली हिपॅटायटिस बी ची लस. या ए साठी तिचा काडीचाही उपयोग नाही. तो रकाना खोडून लसीचं नाव, पहिल्या डोसची तारीख, दुसऱ्याची तारीख असे तीन रकाने घातले, सोबत कार्डाचा फोटो. कर्मचाऱ्यांच्या फॉर्मवरही तेच.

मावशींचा दीड वर्षांचा नातू दुपारी तिथेच खेळतो. हजेरीपटात नाव नसल्याने तो यादीतून सुटत होता. त्याचा पहिला डोस त्याच संध्याकाळी झाला.