डंपर रिकामा होण्यापूर्वी

धाकट्या भावाच्या घराचे काम सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी सुरू झाले, तेव्हा वाळूच्या पुरवठादाराने सर्वांत आधी माझ्या हातात प्रयोगशाळेचा अहवाल ठेवला. चाळणी विश्लेषण, विशिष्ट गुरुत्व, पाणी शोषण हे सारे आकडे आयएस 383 या वाळू-खडीच्या भारतीय मानकाच्या मर्यादेत बसत होते आणि शिक्काही ठळक होता. तारीख मात्र सात महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे कोणे एके काळी पिशवीत भरून नेलेल्या काही किलो वाळूचा तो अहवाल होता, आणि दारात उभ्या असलेल्या तीन ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) डंपरशी त्याचे नाते पावतीपुरतेच होते.

म्हणून वाळू ओतू न देता मी डंपरवर चढलो. वरचा थर प्रवासात हादरे बसून आणि वाऱ्याने वेगळा झालेला असतो. तेवढाच मूठभर उचलून तपासणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय. वीतभर खणून पाच-सहा ठिकाणांहून वाळू काढली, ताडपत्रीवर तिचा ढीग करून तो सपाट केला, त्याचे चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन ठेवून उरलेले दोन बाजूला सारले, आणि नमुना हाताशी मावेल इतका होईपर्यंत हेच पुन्हा केले. चालक घड्याळ पाहत म्हणाला, "साहेब, अजून दोन फेऱ्या मारायच्या आहेत." नमुना घेण्यातच निम्मी परीक्षा असते हे त्याला समजावण्याची ती वेळ नव्हती.

पुढचे काम लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीने केले. वाळूत किंचित मीठ घातलेले पाणी ओतायचे, बरणी जोराने हलवायची आणि सपाट जागी तीन तास ठेवायची. मिठामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून लवकर खाली बसतात. रीतसर हीच चाचणी 250 मिलिलीटरच्या मोजपात्रात आणि 1 टक्का मिठाच्या द्रावणात करतात. चालक केबिनमध्ये झोपी गेला. तीन तासांनी पुतण्याची फूटपट्टी लावली, तेव्हा खाली 96 मिलिमीटर वाळू आणि तिच्यावर 12 मिलिमीटर गाळ दिसला. म्हणजे वाळूच्या थराच्या तुलनेत गाळ साडेबारा टक्के झाला. साइटवर सामान्यतः 8 टक्क्यांपर्यंतच चालवून घेतात. असा गाळ कणांभोवती पातळ लेप धरतो, त्यामुळे सिमेंट वाळूला नीट पकडत नाही, आणि मिश्रणाला पाणीही जास्त लागते. डंपर परत पाठवला.

त्यानंतर आम्ही क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेतली, आणि तिथे बरणीचा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. वर बसणारा थर बहुतेक दगडाच्या भुकटीचा असतो. 75 मायक्रॉनहून बारीक कण नैसर्गिक वाळूत वजनाने 3 टक्क्यांपर्यंत, तर अशा क्रश सँडमध्ये 15 टक्क्यांपर्यंत मान्य आहेत. माती आणि भुकटी यांतला फरक तळहातावर चोळून पाहिल्यास बराचसा कळतो: भुकटी झटकली की जाते, माती हाताच्या रेषांत बसून राहते. शंका उरली तर मात्र प्रयोगशाळा गाठावी.

ओल्या वाळूची गोष्ट वेगळीच आहे. सुमारे 5 टक्के ओलावा असलेली वाळू 20 ते 30 टक्के फुगते, कारण कणांभोवतीचे पाणी त्यांना एकमेकांपासून दूर धरते. आम्ही बादलीत 20 सेंटिमीटर ओली वाळू भरली, ती काढून बादलीत निम्मे पाणी घेतले आणि तीच वाळू पुन्हा आत सोडून ढवळली. ती 16 सेंटिमीटरवर स्थिरावली. फुगवटा 25 टक्के! ब्रासने वाळू विकत घेणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळावा. शिवाय घमेल्याच्या मापाने कालवणाऱ्या मिस्त्रीने ही वाढ धरली नाही, तर मिश्रणात वाळू कमी पडते.

खडीच्या बाबतीत आपल्या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, मजबुतीची चिंता क्वचितच करावी लागते. आघात चाचणीत 14 किलोपर्यंतचा हातोडा 380 मिलिमीटरवरून पंधरा वेळा पडतो, आणि चांगला बेसाल्ट त्यातून सहज निभावतो. त्रास देतो तो आकार. चपटे आणि लांबट तुकडे सळ्यांमध्ये आडवे अडकतात व त्यांच्याखाली पोकळी राहते. 2016 च्या आयएस 383 प्रमाणे दोन्ही मिळून 40 टक्क्यांवर जाता कामा नयेत. वीस मिलिमीटरची शंभर खडी मोजून वेगळी केली तरी डोळ्यांना अंदाज येतो, जरी मानकातला हिशेब वजनाने होतो. पांढऱ्या खनिजांनी भरलेली छिद्रे असलेले जाळीदार तुकडे मी त्याच वेळी उचलून बाजूला ठेवतो. ते पाणी अधिक पितात, आणि ढिगात फार दिसले तर खाणीचा कोणता थर फोडला जात आहे हे विचारावे लागते.

परत पाठवलेला तो डंपर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गल्ल्या सोडून एका प्लॉटवर रिकामा झालेला दिसला. मालकांना बरणी नेऊन दिली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्यात बोटभर गाळ होता आणि त्यांचे फुटिंग, म्हणजे पायाचे काँक्रीट, भरून झाले होते.