बर्फ, छप्पर आणि गृहकर्ज

सुट्टीला सगळं कुटुंब एकत्र, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आम्ही दोघं कोपऱ्यात बसून बँकेसाठी सॅलरी स्लिपा शोधतोय. पहिलं घर घेताना सुट्टी नावालाच असते.

पण आज मजा आली. सासऱ्यांना घराचे फोटो दाखवले. त्यांनी स्वयंपाकघराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट छपरावर बोट! शेजारच्या छपरांवर बर्फाचा जाड थर आणि आमच्या (होऊ घातलेल्या) घरावर मधोमध वितळलेला. म्हणजे आतली ऊब छतातून निसटतेय. वितळलेलं पाणी खाली ओघळतं, थंडगार कडेला पुन्हा गोठतं, तिथे बर्फाचा बांध होतो आणि त्यामागे तुंबलेलं पाणी आत झिरपायला लागतं. कडेला लोंबणारे ते देखणे सुळके बहुतेक त्याचीच खूण. मी तर त्यांचेच फोटो सर्वात जास्त काढले होते! उन्हाळ्यात घर बघितलं असतं तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

अजून सह्या झालेल्या नाहीत, त्यामुळे नवऱ्याने तपासणीच्या यादीत ‘माळ्याचं इन्सुलेशन’ (छताखालचा, ऊब आत अडवणारा थर) सर्वात वर टाकलंय. दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून मागणार आहोत, बघू.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच: घर कुठे पळत नाही, पोरांनी बाहेर बर्फाचा माणूस केलाय, त्याला आधी नाक शोधून द्या.