बाईंचा पाव इंच

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहून द्या असा ग्रुपवर मेसेज आला आणि पहिले आठवल्या त्या शिवणाच्या बाई. बाकी सरांबद्दल बाकीचे लिहितीलच.

नववीत आम्हाला चौकोनांची गोधडी होती. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून सुती कटपीस आणायचे, आधी धुवून घ्यायचे कारण नवं कापड आटतं आणि रंगही सोडतं, मग पाच इंचाचे चौकोन कापायचे, तेही धाग्यात, म्हणजे विणीला सरळ, जरा उरेब, तिरकं गेलं की बाई परत पाठवायच्या. दोन्हीकडून पाव इंच शिवणीत गेला की साडेचार उरतो. आठ चौकोनांची पट्टी म्हणजे सात शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन्ही कापडं अर्धा-अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त दाबली तर पट्टी पाऊण इंचाच्या वर आखूड होते, मग शेजारच्या पट्टीशी कोपरे जुळतील कुठून! बाईंनी हे फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा मला अपूर्णांक कळले, गणिताच्या तासाला नाही.

एकदा एका पोट्टीचे कोपरे काही केल्या जुळेनात. टाचण्या टोचून टोचून कापडाचं साळिंदर झालं. ती म्हणे, बाई मशीनच खराब आहे, वरचं कापड सरकून राहिलं. बाई म्हणाल्या, "मशीनला काऊन बोलते गं? सुईखालचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं मागं राहणारच." सगळ्या टाचण्या काढल्या आणि एका पट्टीचे दाब, म्हणजे शिवणीत गेलेल्या त्या पाव इंचाच्या कडा, डावीकडे, दुसरीचे उजवीकडे अशी इस्त्री केली. इस्त्री नुसती ठेवायची, ओढायची नाही, ओढली की कापड ताणतं. लाइट गेली असली तर नखानं घडी मोडायची. मग पट्ट्या सुलट्या बाजूनं एकमेकींवर ठेवल्या की दाबाला दाब अडतो. वरच्या पट्टीचा दाब मशीनकडे, खालचा आपल्याकडे, म्हणजे वरचं कापड मागं सरकलं की आणखीच घट्ट बसतं. "डोळे मिटून बोट फिरव, खाच लागली? मग चालव." आणि चारही कोपरे एका ठिकाणी! ती पोट्टी नुसती बघत राहिली.

आज मनीषनगरात माझं छोटंसं युनिट आहे, गोधड्या पुण्या-मुंबईला जातात. वॉकिंग फूट, म्हणजे मशीनला लावायचा खास पाय, पण घेतला, तो वरचं कापडही ढकलतो, जाड थर एकत्र शिवायला मस्तच आहे, पण कोपऱ्यांसाठी मी अजून इस्त्रीच धरते. नव्या मुली व्हिडिओ बघून टाचण्यांचा डबा घेऊन येतात, पहिल्या दिवशी मी तो बाजूला ठेवायला लावते.

शाळेतल्या पायमशिनी भंगारात गेल्या असं ऐकलं. एक तरी ठेवायची होती बापा.

आमच्या बॅचची गोधडी ऑफिसच्या कपाटात होती, परीक्षा आली आणि अस्तर लावायचं राहूनच गेलं. असली अजून तर महोत्सवाच्या दिवशी काढा, आणि भिंतीला नका लावू, दोरीवर टांगा, मागूनही बघता आली पाहिजे. एका ओळीचे दाब डावीकडे, दुसरीचे उजवीकडे, बाईंचं खरं काम तिकडून दिसतं.