यंदाचीच द्या

मेच्या सुट्टीत व्हिएन्नाहून वेंगुर्ल्याला येताना बॅगेत वाइनच्या दोन बाटल्या आणल्या, एक पांढरी आणि एक लाल. कस्टमवाले दोन लिटरपर्यंत काही म्हणत नाहीत, आणि या दोन्ही मिळून दीडच लिटर. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून लेबलवरचं साल वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "गेल्या वर्साची? अरे, जुनी तरी हाडूची!"

त्यांना काय बोलणार? पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. ३१ नंबरची ट्राम शेवटपर्यंत गेली की स्टामर्सडॉर्फ येतं. नावाला व्हिएन्ना शहरच, पण उतरून थोडं चाललं की दोन्ही बाजूंना द्राक्षमळे. तिथल्या एका पिढीजात मळेवाल्यांच्या घरी जाऊन मी ऐटीत विचारलं, "सगळ्यात जुनी कुठली आहे?" आजीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एप्रिलात कोणी बागायतदाराच्या पडवीत येऊन गेल्या सालचे हापूस मागावेत.

या घरांना तिथे 'हॉयरिगर' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच 'यंदाची'. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, नव्या वाइनला हे नाव लागतं आणि पुढच्या ११ नोव्हेंबरला ती 'जुनी' होते. मळेवाल्याने आपली स्वतःची वाइन आपल्याच दारात विकावी, ही मुभा सम्राट योसेफ दुसरा याने १७८४ साली दिली. दुकान उघडं असलं की दारावर पाइन किंवा फरची हिरवी डहाळी टांगलेली असते. डहाळी नसेल तर मुकाट्याने परत फिरायचं, बेल वाजवायची नाही.

आत पाटीवर खडूने लिहिलेली यादी. आधी अष्टमांश लिटरचा पेला चाखायला घ्यायचा, आवडली तर पेटी सांगायची. पांढऱ्यात माझी आवडती ग्र्यूनर फेल्टलिनर. ओकच्या पिंपात न मुरवता पोलादी टाकीत ठेवलेली, त्यामुळे ताजी असताना जिभेच्या टोकाला किंचित चुरचुरते आणि मागाहून पांढऱ्या मिरीसारखा तिखटपणा येतो. लाल घ्यायची तर त्स्वाइगेल्ट. फ्रिट्झ त्स्वाइगेल्ट यांनी १९२२ साली व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्गमध्ये द्राक्षाच्या दोन जातींचा संकर करून ही जात काढली. चेरीचा वास, अंगाने हलकी, थोडी गार करूनच प्यायची. एकाच मळ्यात अनेक जाती लावून, एकत्र तोडून, एकत्रच पिळलेली एक मिसळही मिळते. व्हिएन्नावाल्यांना तिचा भारी अभिमान. मला ती कधी आवडते, कधी नाही.

सप्टेंबरात त्याच घरी 'श्टुर्म' मिळतो, म्हणजे अर्धवट आंबलेला, अजून फसफसणारा गढूळ रस. त्याच्या बाटलीला घट्ट झाकण लावत नाहीत, वायूला वाट हवी. आजींनी हाताने दोनदा दाखवलं, उभी धर, उभी धर. मी ती पिशवीत आडवी टाकली आणि ट्रामभर गोड चिकट ओघळ वाहत राहिला. समोरच्या बाईंनी न बोलता पाय वर घेतले. सकाळची गोड माडी दुपारपर्यंत कशी चढते, हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला आणखी कोणी काय शिकवायचं!

तर वेंगुर्ल्यात. फ्रिजमध्ये जागा द्यायला आईचा साफ नकार, तिथे सुरमई होती. मग दोन्ही बाटल्या कळशीत घालून दोराने विहिरीत सोडल्या. संध्याकाळी वर काढल्या तेव्हा काचेवर दव आलं होतं. तळलेल्या सुरमईबरोबर पांढरी उत्तम लागली, पण खरी जमली ती बांगड्याच्या तिखल्याबरोबर. तिरफळाची ती झिणझिणी आणि या वाइनची मिरी एकमेकांना ओळखत असल्यासारख्या वागल्या. बाबांनी हट्टाने त्याच बांगड्यावर लाल घेतली आणि खिळा चोखल्यासारखं तोंड केलं. मासळीवर लाल वाइन अशी लोखंडासारखी लागते खरी. दुसऱ्या दिवशी कोंबडीवड्यांबरोबर तीच लाल त्यांनी गुपचूप दोनदा ओतून घेतली.

पांढरीत तिथले लोक सर्रास सोडा घालतात, असं मी जेवताना सहज म्हणालो. बाबा घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "मगे ह्या आधी सांगूक नको?"

आईने एक थेंबही चाखला नाही. तिने वास घेतला आणि "आंबाट" एवढंच म्हणाली. मात्र रिकाम्या बाटल्या तिने गरम पाण्याने धुऊन अंगणात उन्हात पालथ्या घातल्या. फिरकीचं झाकण दोनदा लावून-काढून बघितलं. परतीच्या बॅगेत आता त्यातली एक आहे, गळ्यापर्यंत कोकमाचा आगळ भरलेली. "त्या म्हातारेक दी," आई म्हणाली, "आणि यंदाचो आसा म्हणान सांग."