माँ वाँतूला टूर बघायला जाताय? आधी खाली कसं उतरायचं ते ठरवा

ठाण्याला येऊन आठवडा झाला तरी बिल्डिंगचा जिना उतरताना मांड्या भरून येतायत, म्हणून ताजं आहे तोवर लिहून टाकतो. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा 2025 चा सोळावा टप्पा, माँपेलिए ते दक्षिण फ्रान्समधला माँ वाँतू डोंगर, 171.5 किमी, 22 जुलै. आम्ही तिघं, मी, माझा मावसभाऊ म्हणजे आमचा दादा, आणि भाची. तिघंही दर रविवारी ठाण्याजवळच्या येऊरचा चढ मारणारे. ज्याला येऊर सलग दोनदा जमत नाही त्याने हा बेत करू नये, आणि बूट, रेनकोट वगैरे काय घ्यायचं ते मी सांगत बसणार नाही.

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने आव्हिन्याँ, तिथून लोकलसारख्या ट्रेनने कारपांत्रा, इथपर्यंत काही त्रास नाही. आव्हिन्याँचा तुटका पूल, पोपचा राजवाडा, फोटो भरपूर मिळाले, दोन दिवस छान गेले. खरा घोळ पुढे झाला.

कारपांत्राला जिथे उतरलो तिथल्या मालकाने छातीठोकपणे सांगितलं की रेसच्या दिवशी सकाळी डोंगराच्या पायथ्याच्या बेदवाँ गावातून वर चढावरच्या शाले रेनार या ठिकाणापर्यंत मिनीबस सुटते. आम्ही त्याच्यावर विसंबलो. साडेसातला बेदवाँत पोचलो तर भाची चौकात दोन ठिकाणी विचारून आली आणि म्हणाली, "मामा, बसबिस काही नाहीये, सगळे चालतच चाललेत." गाड्यांना रस्ता बंद. म्हणजे पंधरा किलोमीटर पायी, आणि माझ्या पाठीवर कॅमेरा, मोठी लेन्स, ट्रायपॉड. ट्रायपॉड नेऊच नका, दिवसभरात एकदाही उघडला नाही.

पहिले पाच-सहा किलोमीटर द्राक्षमळ्यांतून आहेत, ते गप्पा मारत जातात. मग सँतेस्तेवचं वळण येतं आणि जंगल सुरू होतं. या जंगलाबद्दल मला कोणीच नीट सांगितलं नव्हतं. साधारण नऊ किलोमीटर, चढ नऊ-दहा टक्के, आणि मध्ये सपाट असं कुठेच नाही. येऊरला निदान वळणावर श्वास घ्यायला मिळतो, इथे वळणंही चढच. झाडांमुळे वारा नाही, नजारा नाही, मोजायला फक्त पिवळ्या टोपीचे किलोमीटरचे दगड, आणि एक दगड ते पुढचा दगड यात मला वीस-वीस मिनिटं लागत होती. आम्ही माणशी एकच लिटर पाणी घेतलेलं, कारण बसने जायचं होतं ना, ते अर्ध्या जंगलातच संपलं. दादा एका दगडावर बसला तो उठेचना. रस्त्याकडेला कॅम्पर लावून बसलेल्या एका वयस्कर जोडप्याने न मागता दोन बाटल्या भरून दिल्या आणि दादाच्या मानेवर ओला टॉवेल ठेवला. त्यांचं नावही विचारायचं राहिलं, त्याची रुखरुख अजून आहे. माणशी तीन लिटर पाणी घ्या, आणि मीठ-साखर. आमचा भडंगाचा डबा मात्र फार कामाला आला.

शाले रेनार 1417 मीटरवर. त्याच्या वर झाडं संपतात आणि नुसता पांढरा चुनखडीचा डोंगर सुरू होतो. आम्ही अजून एक किलोमीटर वर जाऊन वळणाच्या आतल्या बाजूला बसलो. घामाने भिजलेल्या शर्टात तिथला वारा असा लागला की जुलैत जर्किन घातलं. जाहिरातींच्या गाड्या टोप्या-बिस्किटं फेकत गेल्या, मग बराच वेळ काही नाही, मग खालून हेलिकॉप्टरचा आवाज. आणि मग ते आले. दोन हातांवरून. तोंडं उघडी, जर्सीच्या चेन पोटापर्यंत खाली, काळ्या चड्ड्यांवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले. पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण शर्यतीत आघाडीवर असलेला पोगाचार आणि त्याला जवळजवळ चिकटून त्याचा प्रतिस्पर्धी विंगेगार, इतक्या जवळून गेले की श्वास ऐकू आला. टप्पा फ्रान्सच्या व्हॅलंतँ पारे-पँत्रने आयर्लंडच्या बेन हीलीला शेवटच्या काही मीटरमध्ये हरवून जिंकला, आपला माणूस जिंकला म्हणून आजूबाजूचे फ्रेंच लोक अक्षरशः रडत होते, आणि मीही. जंगलातलं सगळं तिथे वसूल झालं.

फोटोवाल्यांसाठी: त्या पांढऱ्या दगडामुळे कॅमेरा फसतो, सगळं करडं येतं, बर्फात करतो तसं एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. चढावर स्पीड कमी असतो म्हणून शटर 1/60 ला ठेवून पॅनिंग, म्हणजे रायडरबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, छान जमतं. पण पहिले दहा रायडर नुसत्या डोळ्यांनी बघा.

आता उतरणं. शेवटचा रायडर आणि त्याच्या मागची गाडी जाईपर्यंत थांबावं लागतं, आणि मग अख्खा डोंगर एकदम खाली निघतो. अंधार पडत असताना बेदवाँत पोचलो, टॅक्सी नाही, बस नाही, आणि एक व्हॅनवाला कारपांत्राच्या पंधरा किलोमीटरला माणशी 40 युरो मागत होता. तिघांचे 120, म्हणजे बारा हजार रुपये. सकाळी तेवढ्याच अंतराला टॅक्सीने तिघांचे मिळून 35 घेतले होते. दादाला उभं राहवत नव्हतं म्हणून दिले. ही शुद्ध लूट आहे आणि अडलेला माणूस बघूनच केलेली आहे.

तेव्हा कारपांत्रात राहूच नका. टूरचा मार्ग ऑक्टोबरात जाहीर होतो, त्यात वाँतू असेल तर त्याच आठवड्यात बेदवाँत खोली धरा, कितीही महाग वाटली तरी. चालण्यापेक्षा ई-बाइक भाड्याने घ्या आणि सकाळी लवकर वर पोचा, नंतर पोलीस सायकलीही अडवतात. आणि सोबत पन्नाशीच्या पुढचं कोणी असेल तर जंगलाचा हट्ट सोडा.

दुसऱ्या दिवशी सो गावाच्या बाजूने भाड्याच्या गाडीने वर गेलो. हा चढ लांब पण सौम्य आहे, खाली लॅव्हेंडरची शेतं. माथ्याच्या अलीकडे टॉम सिम्पसन या ब्रिटिश सायकलपटूचं स्मारक आहे, 13 जुलै 1967 ला तो इथेच रेसमध्ये कोसळून गेला. पायरीवर लोकांनी पाण्याच्या बाटल्या, टोप्या ठेवलेल्या. दादाने आपली येऊरची टोपी काढून तिथे ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक पांढरा दगड ठेवला. माझ्या आठशे फोटोंत तोच एक मोठा प्रिंट करून घेतोय.