‘शेतकऱ्यांशी गप्पा’ तीन वेळा

एका प्रसारण संस्थेच्या सगळ्या पॉडकास्टची यंत्रांना वाचता येईल अशी यादी करायचं काम आमच्या छोट्या टीमकडे आलं होतं. प्रत्येक पॉडकास्टची स्वतःची आरएसएस फीड, म्हणजे त्याच्या भागांची अ‍ॅपना वाचता येणारी फाइल, असतेच. नवा भाग आला की तिच्यात एक नोंद वाढते, त्या नोंदीत ऑडिओ फाइलचा पत्ता असतो आणि ऐकणाऱ्याचं अ‍ॅप अधूनमधून डोकावून तो भाग उतरवून घेतं. पण संस्थेचे एकूण कार्यक्रम कोणते, कुठल्या भाषेत, त्यांच्या फीड कुठे आहेत, हे एका जागी सांगणारं काहीच नव्हतं. वेबसाइटवर पानं होती, पण ती माणसांसाठी. एखाद्या अ‍ॅपवाल्याला ती पानं खरवडून माहिती काढावी लागायची आणि पानाची मांडणी बदलली की त्याची सगळी मेहनत पाण्यात.

साचा नव्याने शोधायची गरज नव्हती. फीडची यादी द्यायला ओपीएमएल नावाचा फाइलचा साचा गेली वीसेक वर्षं वापरात आहे. अमेरिकन प्रोग्रामर डेव्ह वायनर यांनी तो साचा मुळात मुद्द्यांची उतरंड लिहिण्यासाठी केला, पुढे तो फीडच्या याद्यांसाठीच जास्त रुळला. बीबीसीनेही एकेकाळी आपल्या पॉडकास्टची अशी यादी खुली ठेवली होती. आम्ही ओपीएमएल आणि जेसन (माहिती लिहिण्याचा आणखी एक रूढ साचा) अशा दोन्ही रूपांत यादी द्यायचं ठरवलं. तिला पासवर्ड नको, नोंदणी नको, यावर मी पहिल्यापासून अडून बसले होते. कार्यक्रम लोकांनी ऐकावेत म्हणून केलेले असतात, मग ते कुठे आहेत हे सांगणाऱ्या यादीला कुलूप कशाला?

त्या दिवशी आम्ही तीन याद्या एकत्र करायला बसलो. एक कार्यक्रम विभागाची, एक वेबसाइटवाल्यांची, एक ऑडिओ फाइल ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेली. जिथे नाव जुळेल तिथे नोंदी जोडायच्या, उरलेल्या हाताने बघायच्या. प्रोग्राम चालवला आणि शेतीचा कार्यक्रम तीनदा आला. त्याला इथे ‘शेतकऱ्यांशी गप्पा’ म्हणते. (खरं नाव वेगळं आहे, पण ‘शेतकऱ्यां’ त्यातही आहे.) पडद्यावर तिन्ही नावं तंतोतंत सारखी. मागेपुढे जास्तीची स्पेस नाही, काना-मात्रेचा फरक नाही. शेजारी बसलेला सहकारी म्हणाला, “ताई, एकच तर आहेत!”

मग एकेक अक्षर सुटं करून त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक ते अक्षर ज्या आकड्याने ओळखतो तो, छापला, तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ्यां’मधला तो अर्धा र तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी टाइप झाला होता. एकीकडे ‘ऱ’ हे एकच अखंड अक्षर आणि पुढे हलन्त. दुसरीकडे साधा ‘र’, त्याला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आणि मग हलन्त. तिसरीकडे साधा ‘र’, हलन्त आणि पुढे एक अजिबात न दिसणारं जोडचिन्ह. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमानेच एकरूप करता येतात, त्यासाठी तयार सोय असते. तिसरा मात्र त्या सोयीने जुळत नाही, त्याच्यासाठी आपला वेगळा नियम लिहावा लागतो. मराठीत शेतकरी, वारकरी, गावकरी यांचं अनेकवचन करून पुढे प्रत्यय लावला की हे अक्षर आलंच. म्हणजे अडचण एका कार्यक्रमापुरती नव्हती.

नियम दहा मिनिटांत लिहून झाला. पण तेवढ्यावर थांबणं मला पटेना. आज ऱ आहे, उद्या कोणी नावापुढे वर्ष जोडेल, परवा नावच बदलेल. नावावरून कार्यक्रम ओळखायचा हा पायाच कच्चा होता. फीडच्या पत्त्याचाही भरवसा नाही, फाइल ठेवणारी कंपनी बदलली की पत्ता बदलतो. बीबीसीने २००७ मध्ये प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र वेबपान दिलं, तेव्हा पत्त्यात कार्यक्रमाचं नाव न घालता एक अर्थहीन कोड घातला. अर्थच नसला की तो बदलायचं कारण उरत नाही. आम्हीही तसेच कोड द्यायचं ठरवलं. कोड एकदा दिला की कायमचा आणि कार्यक्रम बंद पडला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही.

दुपारी हे दाखवायला कार्यक्रम विभागातल्या मॅडमना बोलावलं. हयात रेडिओत गेलेली बाई. कोडचं त्यांना चटकन पटलं. मग त्यांनी पडद्यावरच्या एका लाल ओळीवर बोट ठेवलं. “हे लाल का?”

वारीवरचा कार्यक्रम होता तो. तीन महिन्यांत नवा भाग आला नाही की कार्यक्रम बंद समजून यादीतून काढायचा, असा नियम आमच्या कामाच्या कागदातच लिहून आला होता.

“अहो, आषाढी वारी वर्षातून एकदाच असते. मधे भाग येणार कुठून? तुम्ही काढलंत की लोकांना वाटणार, आम्ही गुंडाळलं.”

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. यादीतून नाव गेलं की त्या यादीवर चालणाऱ्या अ‍ॅपमधूनही ते जाणार आणि पुढच्या ज्येष्ठात दिंड्या निघतील तेव्हा शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. कार्यक्रम कायमचा संपला हे फीडमध्ये सांगायला अ‍ॅपलने एक खूण दिलेली आहे. सध्या थांबलाय पण परत येणार, हे आमच्या साच्यात कुठेच बसत नव्हतं. म्हणून प्रत्येक नोंदीला ‘चालू’, ‘हंगामी विश्रांती’ आणि ‘समाप्त’ अशा तीन स्थिती दिल्या. ‘समाप्त’ झालेलाही यादीतून जात नाही, त्याचे जुने भाग ऐकता येतात. आणि स्थिती ठरवायचा अधिकार तारखा मोजणाऱ्या प्रोग्रामकडून काढून कार्यक्रम विभागाकडे दिला. माझ्या लेखी त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा बदल हाच.

संध्याकाळी पहिली पूर्ण फाइल तयार झाली आणि उघडेचना. एका कार्यक्रमाच्या नावात ‘आणि’ऐवजी ‘&’ होता. ओपीएमएल ज्या एक्सएमएल पद्धतीने लिहितात, तिच्यात ते चिन्ह नुसतं चालत नाही. एका नावात ते तसंच राहिलं तर ती एक नोंद नाही, अख्खी यादी वाचायला नकार मिळतो. ते दुरुस्त केलंच, शिवाय फाइल आधी स्वतः वाचून बघायची आणि वाचता आली तरच बाहेर सोडायची, नाहीतर कालची चांगली प्रत तशीच ठेवायची, अशी तपासणी बसवली.

निघताना मॅडम परत आल्या. शेतीच्या कार्यक्रमाचं नाव पूर्वी दोनदा बदललं होतं आणि गावोगावचे जुने श्रोते अजून पहिल्याच नावाने विचारतात, तर ते कुठे लिहिता येईल का, असं त्यांचं विचारणं होतं. ‘पूर्वीची नावं’ असा रकाना त्याच रात्री जोडला. तो भरायला मॅडमनी त्यांच्या विभागातल्या जुन्या नोंदवह्या काढल्यात. मराठीचे कार्यक्रम होत आले आहेत, कोकणीचे पुढच्या आठवड्यात घेऊ.